आईच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. युरोपच्या सीमेवर काय होईल?

लालबागकर:
माझी आई ७१ वर्षांची आहे. मसाले कुटण्यात आणि धुण्याभांड्यांत तिची ३५ वर्षे गेल्याने बोटांवरच्या रेषा इतक्या झिजल्या आहेत की रेशनच्या दुकानात तिचा अंगठा चार-चार वेळा लावूनही उमटत नाही. धाकटी बहीण जर्मनीत असते आणि तिच्या बाळंतपणासाठी आई पहिल्यांदाच परदेशी जाणार आहे. युरोपने १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर चेहरा आणि ठसे नोंदवण्याची नवी पद्धत सुरू केली आहे. ठसे जुळले नाहीत, तर तिला परत पाठवतील का? तिच्यासोबत कोणी नसेल आणि तिला इंग्रजी येत नाही.

मुलुंडची काकू:
आधी व्हिसाचा टप्पा समजून घ्या, कारण आईंचे ठसे प्रथम मुंबईतच घेतले जातील. शेंगेनच्या, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बहुतेक देशांना एकच चालणाऱ्या, व्हिसासाठी दहाही बोटांचे ठसे लागतात. परंतु युरोपच्या व्हिसा संहितेनुसार दहा शक्य नसतील तर जितके शक्य असतील तितके घेतले जातात आणि शारीरिकदृष्ट्या ठसे देणे अशक्यच असेल त्या व्यक्तीला सूट मिळते. ठसे घेताना अडचण आली तरी अर्जदाराचा मान राखला जाईल अशी व्यवस्था असावी, असेही त्या संहितेत म्हटले आहे, आणि रेशनच्या रांगेत उभे राहिलेल्या आईसाठी मला तेच सर्वांत मोलाचे वाटते. व्हिसासाठी ठसे देताना "ठसे येत नाहीत" असे आधीच स्पष्ट सांगा.

व्हिसाधारकांचे ठसे आधीच नोंदलेले असल्याने नव्या पद्धतीत सीमेवर ते पुन्हा नोंदवत नाहीत. चेहऱ्याचे छायाचित्र घेतात आणि जुन्या नोंदीशी पडताळणी करतात. पडताळणी जमली नाही तर अधिकारी अधिक तपासणी करतात. केवळ ठसा उमटला नाही म्हणून परत पाठवणे असा त्याचा अर्थ नाही. वेळ मात्र जाईल, म्हणून मध्ये विमान बदलायचे असल्यास पुरेसे अंतर ठेवा.

दादरचा प्रवासी:
एक गैरसमज टाळावा. चेहरा ओळखून विमानतळात प्रवेश देणाऱ्या, देशांतर्गत विमानांसाठी असलेल्या डिजियात्राचा इमिग्रेशनशी संबंध नाही. मुंबईच्या विमानतळावर जानेवारी २०२५ पासून सुरू झालेली जलद इमिग्रेशनची स्वयंचलित फाटके ही वेगळी सोय असून ती ऐच्छिक आहे. त्यासाठी आधी चेहरा आणि ठसे नोंदवावे लागतात. आईंनी त्या भानगडीत न पडता नेहमीच्या काउंटरवर जावे, तिथे समोर माणूस असतो. बहिणीचे निमंत्रणपत्र, विमा आणि परतीचे तिकीट कागदावर छापून हातातील पिशवीत ठेवा, कारण अडचण आलीच तर अधिकारी तेच मागतील.

लालबागकर:
काकू, मान राखण्याची तरतूद आहे हे मला ठाऊक नव्हते. मनावरचे ओझे उतरले. दादरकरांनाही धन्यवाद. तरी सीमेवर नोंदवलेली ही माहिती नेमकी किती काळ जपली जाते?

मुलुंडची काकू:
सीमेवरची नोंद साधारणपणे ३ वर्षे राहते. परत निघाल्याची नोंद झालीच नाही, तर ५ वर्षे. म्हणून निघताना आईंची नोंद नीट झाली, हे बहिणीला आवर्जून पाहायला सांगा. अडचण सांगणारी एक चिठ्ठी तिच्याकडून जर्मन भाषेत लिहून घ्या आणि ती पासपोर्टसोबतच ठेवा.