ओरेगॉनची जमीन मोकळी होती, हे कुणी सांगितलं?

आंबोली:
विलामेटकरांनी परवा ओरेगॉनच्या, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या राज्यातल्या, न्यूपोर्टच्या सहलीचे फोटो टाकले. फोटो सुंदर आहेत, कालवांची ताटलीही. पण खाली लिहिलेलं वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाहीये: 'मोकळ्या जमिनीवर कष्टाळू माणसांनी उभं केलेलं, सर्वांना सामावून घेणारं राज्य.' बीव्हरटनला अकरा वर्षं काढली, मुलं तिथल्याच शाळेत शिकली. म्हणून गप्प बसवत नाही.

१७९२ मध्ये रॉबर्ट ग्रे हा अमेरिकन व्यापारी कोलंबिया नदीच्या मुखातून आत शिरला आणि नदीला आपल्या जहाजाचं नाव देऊन गेला. त्या मुखाशी चिनूक या मूळ रहिवाशांची गावं होती, फरची कातडी त्यानं त्यांच्याकडूनच घेतली. जमीन 'मोकळी' नंतर झाली. १८३० पासून तापाच्या साथींनी विलामेट खोऱ्यातली गावंच्या गावं ओस पाडली. जे उरले त्यांच्याशी करार पक्के व्हायच्या आधीच १८५० च्या कायद्यानं गोऱ्या पुरुषाला ३२० एकर आणि लग्न झालेलं असेल तर बायकोच्या नावावर आणखी ३२० एकर देऊन टाकले.

आणि सामावून घेणं? १८५७ च्या मतदानात गुलामगिरी नको म्हणणारे ७,७२७, हवी म्हणणारे २,६४५. वाचून बरं वाटतं. पण त्याच मतदानात, त्याच लोकांनी, कृष्णवर्णीयांनी राज्यात पाऊलच ठेवू नये या कलमाला ८,६४० मतं दिली. विरोधात फक्त १,०८१. ते कलम घटनेत ठेवूनच १८५९ मध्ये ओरेगॉन राज्य झालं. काढलं थेट १९२६ मध्ये.

विलामेटकर:
ताई, मी सहलीचं वर्णन लिहिलं होतं, प्रबंध नाही. तरी उत्तर देतो.

पहिलं म्हणजे ते कलम जवळजवळ कागदावरच राहिलं. दुसरं, कुठल्या राज्याचा इतिहास स्वच्छ आहे? १९०२ मध्ये लोकांनी स्वतः कायदा मांडून त्यावर मत द्यायची सोय इथे आली. १९६७ च्या कायद्यानं कोरड्या वाळूसकट सगळा किनारा लोकांसाठी खुला राहिला, एका हॉटेलवाल्यानं वाळूत ओंडके टाकून कुंपण घातलं म्हणून लोक खवळले होते. १९७१ चा बाटल्यांचा कायदा देशात पहिला. टॉम मॅकॉलसारखा गव्हर्नर दुसरीकडे दाखवा.

मी १९९८ मध्ये दोन बॅगा घेऊन सेलमला उतरलो. पहिल्या हिवाळ्यात शेजारचे आजोबा न सांगता माझ्या दारातला बर्फ काढून जायचे. मला राज्य कळलं ते त्यांच्यामुळे. १८५७ ची मतमोजणी नंतर वाचली.

आंबोली:
आजोबा चांगलेच असणार. माझेही शेजारी चांगले होते. त्यानं १८५७ पुसलं जात नाही.

आणि 'कागदावरच' म्हणू नका. त्या कलमाच्या आधीही तसेच कायदे होते. १८५१ मध्ये ओरेगॉन सिटीत धंदा करणाऱ्या जेकब व्हँडरपूलला कोर्टानं हुकूम काढून हद्दपार केलं, केवळ वर्णासाठी. जॉर्ज बुश तर इतर बिऱ्हाडांबरोबर ओरेगॉनच्या वाटेनं आलेला, गाठीला पैसा असलेला माणूस. कायदा कळल्यावर त्यानं कोलंबिया ओलांडून उत्तरेला मुक्काम हलवला. जे आलेच नाहीत त्यांची नोंद कुठे शोधणार? कायद्याचं काम माणसं यायच्या आधीच झालेलं असतं.

कोरेगावकर७४:
जमिनीचा विषय निघालाच आहे आणि एकाही मराठी माणसाला भगवान रजनीशांच्या शिष्यांनी तिथे वसवलेलं रजनीशपुरम आठवू नये? १९८१ मध्ये अँटिलोपजवळची ६४,००० एकर जागा रीतसर पैसे मोजून घेतली. चरून चरून उघडी पडलेली जमीन. त्या लोकांनी बंधारे घातले, झाडं लावली, भाजीपाला काढला. वडील १९८३ च्या उत्सवाला गेले होते. घरी येऊन आठवडाभर फक्त त्या बंधाऱ्यांबद्दल बोलत होते. आणि विलामेटकर ज्या मॅकॉलचं कौतुक करतात, त्याच्याच काळातला १९७३ चा जमीनवापराचा कायदा यांच्यावर उगारला. शेतजमिनीवर गाव वसवता येणार नाही म्हणे!

तीन_ऋतू:
अहो, कायदा सगळ्यांना सारखाच होता. आणि अर्धीच गोष्ट का सांगता? पन्नासही माणसं नसलेल्या अँटिलोपमध्ये बाहेरून मतदार आणून बसवले आणि गावाचं नाव बदलून 'रजनीश' केलं. १९८४ मध्ये वास्को काउंटीची निवडणूक जिंकण्यासाठी तिथल्या द डॅलेस गावाच्या दहा हॉटेलांत सॅलडवर जंतू टाकले. ७५१ माणसं आजारी पडली! नोकरीसाठी मी तीन वर्षं द डॅलेसला होतो. शेजारच्या आजी हॉटेलात कच्चा पाला तोंडात घालत नसत. वीस वर्षं होऊन गेली होती तरी.

कोरेगावकर७४:
विषबाधा झाली, मान्य. ती आश्रमाचा कारभार बघणाऱ्या शीलाच्या टोळीनं केली, आणि १९८५ मध्ये तिच्यावर जाहीर आरोप भगवानांनीच केला. शिक्षा तिला झाली. पण त्याआधी तीन वर्षं त्या सगळ्या वस्तीला 'परके' म्हणून वागवलं गेलं, त्याचं काय?

तीन_ऋतू:
आश्रमात हजारो माणसं होती आणि कुणालाच काही दिसलं नाही, हे मला पटत नाही. वडिलांबद्दल मी बोलत नाही. पण 'आमच्यावर अन्याय' हे पालुपद पुण्यात चाळीस वर्षं ऐकतोय.

कोरेगावकर७४:
वडिलांना मध्ये आणू नका.

वर्धेकर:
दोघेही थांबा. परके म्हणून मार खाल्लेले आपले लोक बघायचे असतील तर १९१० मध्ये जा. पोर्टलंडजवळ सेंट जॉन्सला जमावानं लाकूडगिरणीतल्या पंजाबी कामगारांना घरांतून ओढून बाहेर काढलं, लुटलं, गावाबाहेर हाकललं. याच कामगारांनी १९१३ मध्ये अ‍ॅस्टोरियाला गदर या ब्रिटिशविरोधी क्रांतिकारी संघटनेची पायाभरणी केली, आणि त्यांच्यात आपल्या वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे वावरले. पंजाबहून आलेल्या भगतसिंग थिंद यांना १९२० मध्ये ओरेगॉनच्याच फेडरल कोर्टानं नागरिकत्व दिलं होतं, हे विलामेटकरांच्या बाजूनं सांगतो. १९२३ मध्ये ते काढून घेतलं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं. मात्र त्याच वर्षी ओरेगॉननं परक्यांना जमीन घेऊ न देणारा कायदा केला, तोही सांगतो.

शिवसागर:
इतका वेळ वाचतोय. द डॅलेसचं नाव दोन वेळा आलं, सॅलड आलं, पण सेलिलो एकदाही नाही. द डॅलेसच्या वर काही मैलांवर धबधबा होता. हजारो वर्षं मूळ रहिवासी तिथे लाकडी माच्यांवर उभं राहून जाळ्यानं सामन मासे काढत. १० मार्च १९५७ ला धरणाची दारं लावली. संध्याकाळपर्यंत धबधबा पाण्याखाली. काठावर माणसं उभी राहून बघत होती. मासे धरायचा हक्क त्यांना १८५५ च्या करारात लिहून दिलेला होता.

आमच्या आजोबांचं गाव कोयनेच्या पाण्यात गेलं. भात लावणाऱ्या माणसांना सोलापूरकडची कोरडी जमीन मिळाली. आषाढ लागला की आजी म्हणायची, चिखलणीचे दिवस आले. तिथे चिखलच होत नव्हता. मेली तोपर्यंत म्हणत होती.

कोरेगावकर, १९८३ मध्ये तुमचे वडील उत्सवाला गेले, त्याच वर्षी ग्रँड रोंडच्या मूळ रहिवासी जमातींना सरकारनं पुन्हा 'जमात' म्हणून मान्यता दिली. १९५४ मध्ये ती कायद्यानं काढून घेतली होती. जमीन मिळायला १९८८ उजाडलं. किती? ९,८११ एकर. तुमच्या ६४,००० शेजारी ठेवून बघा.

कोरेगावकर७४:
हा आकडा मला माहीत नव्हता. बंधाऱ्यांबद्दलचं म्हणणं मागे घेत नाही.

विलामेटकर:
सेलिलोच्या पाटीजवळून शंभरदा गाडीनं गेलो असेन, थांबलो नाही. एवढं कबूल. पण किनाऱ्याच्या कायद्याला कुणी हात लावू नये. तो इथल्या लोकांनी मिळवलाय.

आंबोली:
किनाऱ्याचा कायदा चांगलाच आहे, मीही त्याच वाळूवर मुलांना खेळवलंय. पण तो किनारा आधी कुणाला लिहून दिला होता? १८५५ मध्ये रोग (Rogue) नदीकाठच्या लढायांतून हाकललेल्या आणि इतर जमातींसाठी तिथे शंभर मैलांहून लांब राखीव पट्टा ठेवला. दहा वर्षांत त्याचा मधला तुकडा काढून घेतला, याक्विनाच्या खाडीचा. कारण खाडीत कालवं सापडली होती. न्यूपोर्ट त्याच खाडीवर आहे.

विलामेटकर:
ताटलीचा फोटो राहू देतो. 'मोकळ्या जमिनीवर' हे शब्द आत्ताच काढले. 'सर्वांना सामावून घेणारं' मात्र काढणार नाही, त्या आजोबांसाठी.