अनुभव धागा: खान्देशातल्या उन्हाळ्यात घरी मोड कसे आणता?

राम राम मंडळी. मी जळगावची. सलग तिसऱ्यांदा मटकीचे मोड फेकावे लागले म्हणून हा धागा काढतेय. डिसेंबर-जानेवारीत माझे मोड इतके छान येतात की शेजारच्या काकू वाटी घेऊन येतात, पण एप्रिल लागला की सगळं बिघडतं. रात्री भिजवलेली मटकी सकाळी फडक्यात घट्ट बांधायची, संध्याकाळी सोडून बघावं तर आंबूस वास, दाणे चिकट, बोटाला तार लागते, आणि मोड म्हणाल तर निम्म्या दाण्यांना सुईच्या टोकाएवढे. सगळीकडे सांगतात 'उबदार जागी ठेवा'. पुण्याच्या हवेला ते ठीक असेल, आपल्याकडे दुपारी 44-45 डिग्री असताना उलट गारवा शोधावा लागतो.

म्हणून विनंती आहे, आपल्या भागातल्या लोकांनी स्वतः केलेलं लिहा. मूग-मटकीच असं नाही, हुलगे, चवळी, मेथी, मोहरी, अळीव, नागली, जे जे मोडवून खाल्लं असेल ते. बिघडलेलं पण लिहा, त्यातूनच जास्त कळतं.

भुसावळची सून

ताई, तुमचं वाचून माझी लग्नानंतरची पहिली दोन वर्षं आठवली. आम्ही रेल्वे क्वार्टरमध्ये राहतो, ह्यांची ड्युटी कधी रात्री दोनला तर कधी पहाटे, डब्यात मोड आलेले मूग नेतात, म्हणजे आठवड्यातून तीनदा तरी मला मोड लागतातच. एकदा मे महिन्यात पोटली सोडताना हात आत घातला तर आतले मूग चक्क गरम लागले, बाहेरून फडकं गार आणि मधोमध ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखं. तेव्हा लक्षात आलं की मोड येताना दाणा श्वास घेतो आणि स्वतःची उष्णता सोडतो, ढीग मोठा असला की ती आतच कोंडते. थंडीत तीच ऊब कामाला येते, उन्हाळ्यात तीच नासवते.

आता मी एप्रिल ते जून पोटली बांधतच नाही. भिजवायचं सुद्धा सहा-सात तासच, रात्रभर नाही. मग मोठ्या चाळणीत बोटभर जाडीचा थर, वरून ओलं फडकं सैल टाकायचं, चाळणी भगोन्यावर ठेवायची म्हणजे पाणी खाली गळून जातं. दिवसातून तीन-चार वेळा माठातलं पाणी ओतायचं आणि पूर्ण निथळू द्यायचं. हे निथळणं सगळ्यात महत्त्वाचं आहे ताई, तळाला चमचाभर पाणी जरी साचलं ना तरी वास तिथूनच सुरू होतो. कूलर असतो त्या खोलीत ठेवते पण वाऱ्याच्या समोर नाही, समोर ठेवले की वरचे दाणे सुकतात. मुगाला साधारण एक दिवसात अर्धा-पाऊण इंच मोड येतात, वाटीभर मुगाचे तीन वाट्या होतात.

केळीवाला, सावदा

आमच्याकडे तर केळीचं पान हाताशीच असतं. आई फडक्याऐवजी केळीच्या पानात बांधायची, पान आधी विस्तवावर जरा शेकून घ्यायचं म्हणजे फाटत नाही, आत भिजलेली चवळी नाहीतर मूग आणि वरून सुतळी सैल. पान पाणी शोषत नाही त्यामुळे आत ओल टिकते, दाणे सुकत नाहीत. पण टोकं उघडी ठेवायची आणि पुडी तिरपी टेकवायची नाहीतर आत पाणी साचतं. मी एकदा चारही बाजूंनी बंद केली होती, सगळे मूग गेले. चवळीला मोड पटकन येतात पण ती लवकर चिकट होते, तिला जास्त वेळा धुवा.

पारोळ्याचा शेतकरी

मी मोड खायला शिकलो ते बियाण्यामुळे. दरवर्षी पेरणीच्या आधी घरच्या सोयाबीनची उगवण तपासतो, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत 100 दाणे मांडायचे, गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं आणि पाच-सात दिवसांनी मोजायचे. 70 च्या वर उगवले तर बियाणं चालेल. एका वर्षी बायको म्हणाली हेच मुगाचं करून बघा, मग घरचे मूग आणि मटकी अशीच गोणपाटावर लावली, कोंब इतके सरळ आणि गुबगुबीत आले की तेव्हापासून घरात मोड गोणपाटावरच. गोणपाट मात्र वेगळं, नवं, उकळत्या पाण्यातून काढलेलं पाहिजे, खताच्या गोणीचं अजिबात नको.

तीन गोष्टी कळकळीने सांगतो. पहिली, बियाण्याच्या दुकानातलं बी कधीच खायचे मोड काढायला आणू नका. त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं, गुलाबी-लाल रंग दिसतो तो त्याचाच, आणि धुतलं तरी ते जात नाही. माझ्या चुलतभावाने मेथीचं बी असंच एका दुकानातून आणलं, भिजवल्यावर पाणी गुलाबी झालं म्हणून वाचला, नाहीतर पोरांनी खाल्लं असतं. किराण्यातलं खायचं धान्य घ्या किंवा घरचं.

दुसरी, ज्वारीचे हिरवे कोंब खाऊ नका. कोवळी ज्वारी खाऊन जनावराला किराळ लागते हे आपल्याकडे प्रत्येक घराला माहीत आहे, त्या कोवळ्या कोंबातूनच सायनाइड तयार होतं. जे बैलाला मारतं ते माणसाने हौसेने का खावं. आणि तिसरी, राजमा मोड आणून कच्चा खाऊ नका, पोटाचे हाल होतात, तो चांगला उकळूनच.

अर्चू_धुळे

गणंग दाण्यांचं काय करता? मटकीत दर वेळी सापडतात, दाताखाली आले की कचकन.

भुसावळची सून

भिजवून झाल्यावर ताटात पसरून बघायचं अर्चूताई. फुगलेला दाणा मोठा, सुरकुत्या उघडलेला दिसतो, गणंग जसाच्या तसा लहान आणि चकचकीत. त्याचं साल इतकं घट्ट असतं की पाणी आत जातच नाही. मटकीत ते जास्त असतात, मुगात कमी. मी ते वेचून बाजूला टाकते, पाच मिनिटांचं काम आहे.

लॅबवाली ताई, धुळे

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे थोडं वेगळं लिहिते, घाबरवायला नाही. मोड आणायला जे लागतं, ओल आणि ऊब, तेच जंतूंनाही लागतं. 2011 मध्ये जर्मनीत ई. कोलायची मोठी साथ आली होती, 50 च्या वर माणसं गेली, आणि शोध घेत घेत ते मेथीच्या मोडांपर्यंत पोहोचले. मेथी आपल्या रोजच्या डब्यातली म्हणून ते वाचल्यापासून मी घरात नियमच केला. बी आधी तीन पाण्याने चोळून धुवायचं, चाळणी-फडकं उकळत्या पाण्यातून काढायचं, हात साबणाने. आणि घरात गरोदर बाई, लहान लेकरू, म्हातारं माणूस किंवा आजारातून उठलेलं कुणी असेल तर कच्चे द्यायचे नाहीत, वाफवूनच, नुसती कोमट वाफ नाही, आतपर्यंत शिजतील असे. सासूबाईंचं ऑपरेशन झालं तेव्हापासून आमच्याकडे कच्ची कोशिंबीर बंदच झाली, त्याऐवजी मोडाची मटकी काळ्या मसाल्यात, सोबत कळण्याची भाकरी, सासूबाई आवडीने खातात.

फ्रीजमध्ये ठेवायचे तर आधी फडक्यावर पसरून कोरडे करा. ओले ठेवले की दुसऱ्या दिवशी खाली पाणी सुटतं. दोन-तीन दिवसांत संपवा. वास बदलला तर धुऊन वापरू नका, टाकून द्या.

मिरची_नंदुरबार

मी अंगणवाडीत आहे, आमच्याकडे अक्राणी-धडगावच्या बाजूला नागली पिकते. नागलीचे मोड कच्चे कोणी खात नाही, ते लेकरांच्या पेजेसाठी. नागली बारा तास भिजवायची, निथळून सुती फडक्यात बांधायची, दीड-दोन दिवसांत पांढरे टोक दिसतात, बारीक, टाचणीएवढे. मग सावलीत वाळवायची, मंद आचेवर भाजायची, चोळून कोंब पाखडून टाकायचे आणि दळायची.

ह्याचं महत्त्व पेज करताना कळतं. साध्या नागलीच्या पिठाची पेज गार झाली की घट्ट गोळा होतो, लेकराला गिळवत नाही म्हणून आई पाणी वाढवते आणि मग पोटात पीठ कमी, पाणीच जास्त. मोड आलेल्या नागलीत पिठूळपणा तोडणारं द्रव्य तयार झालेलं असतं, त्यामुळे जास्त पीठ घालूनही पेज पातळ राहते. मी बायांना दोन वाट्या शेजारी ठेवून दाखवते, एकीत साधं पीठ, एकीत मोडाचं, दोन्हीत सारखंच घातलेलं. चमचा उचलला की एकीतून गोळा पडतो आणि दुसरीतून धार. हे बघितल्यावर एकीलाही परत सांगावं लागत नाही.

शहाद्याची मेघा

मी बारीक बियांची वेडी आहे. मेथी, मोहरी, मुळ्याचं बी, अळीव. मेथीला तीन दिवस द्या, कडूपणा बराच जातो, गुळाच्या खड्यासोबत मस्त लागते. मोहरी आणि मुळा चार-पाच दिवस वाढवायचे, दोन हिरवी पानं फुटली की तिखट असतात, भाकरी-ठेच्यासोबत कांद्याऐवजी चालतात.

एक गोष्ट नवीन लोकांना घाबरवते. तिसऱ्या दिवशी मोहरीच्या मुळांभोवती पांढरा धुरकट कापूस दिसतो, मी पहिल्यांदा बुरशी समजून अख्खी बरणी ओतून दिली होती. ती मुळांची केसं असतात. ओळखायचं असं, पाण्याचा शिपका मारला की केसं मुळाला चिकटून दिसेनाशी होतात, आणि बुरशी तशीच राहते, ती दाण्यावरून दाण्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरलेली असते आणि तिला कुबट वास येतो.

अळीवाला चाळणी-बरणी चालत नाही. भिजलं की त्याभोवती बुळबुळीत थर येतो आणि सगळ्याचा एक गोळा. मी मातीचं छोटं मडकं पाण्याने भरते, झाकण लावते, मडकं पाझरून बाहेरून ओलं झालं की भिजलेलं अळीव बोटांनी बाहेरच्या अंगावर लावते. तो बुळबुळीतपणाच त्याला चिकटवून धरतो. मडकं पाझरत राहतं, वेगळं पाणी घालावं लागत नाही, कोरडं वाटलं तर एखादा शिपका. चार-पाच दिवसांत मडक्याला हिरवी लव येते, कात्रीने कापायची. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात मडकं गारही राहतं, म्हणून हे मला एप्रिलमध्येच जास्त चांगलं जमतं.

गुरुजी, अमळनेर

निवृत्त शिक्षक आहे, मोड वर्गात दाखवायचो म्हणून लिहितो. कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसतं, मोड आले की ते तयार होतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रयोगाने दाखवलं होतं, सैनिकांना ताजी भाजी-फळं मिळत नव्हती, हिरड्यांतून रक्त येणारा स्कर्व्ही रोग व्हायचा, त्यावर मोड आलेली कडधान्यं उपयोगी ठरली. मुलांना हे सांगितलं की ती मटकीकडे वेगळ्या नजरेने बघायची. शिजवल्यावर त्यातलं काही जीवनसत्त्व जातं हे खरं, पण वरच्या ताईंनी सांगितलेलं बरोबर आहे, ज्यांना जपायला हवं त्यांनी शिजवूनच खावं. खाताना वर लिंबू पिळा.

जुनं धान्य असेल तर कितीही धुवा, मोड येणार नाहीत. आमच्या घरी नवरात्रात घट बसला की आजी बघायची, घटाखालच्या मातीत कोणतं धान्य मागे पडलं. जे उगवलं नाही त्या डब्यातलं पुढे मोडवायला घ्यायची नाही, दळायला काढायची.

शिरपूरकर

राम राम. मनी माय हुलगा रातले भिजाडे, सकायले निथाडी टाके आनि जुना लुगडाना फडकामा बांधी माठपासी ठेवे. हुलगासले मोड येवाले दोन दिन लागतस, घाई करो नका.

बाकी मराठीत लिहितो. हुलगा कडक असतो म्हणून त्याला भिजवायला दहा-बारा तास द्यावेच लागतात, पण उन्हाळ्यात मध्ये दोनदा पाणी बदला. माठाखाली वाळू असते ना, ती ओली राहते, त्या वाळूवर ताटली ठेवून त्यावर चाळणी ठेवायची. घरातली सगळ्यात गार जागा तीच.

जळगावची (धागा काढणारी)

सगळ्यांचे खूप आभार, आणि रविवारचं लिहिते. वाटीभर मटकी सकाळी सात वाजता भिजवली, दुपारी दीडला काढली. ताटात पसरून गणंग वेचले, वीस-बावीस निघाले, इतकी वर्षं ते मी तसेच बांधत होते. बोटभर थर चाळणीत, चाळणी माठाजवळ वाळूवर. चार, सात आणि रात्री दहाला पाणी ओतलं, दर वेळी चाळणी तिरपी धरून शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबले. सोमवारी सकाळी हात घातला तर दाणे गार होते आणि वास आला तो शेतातल्या हिरव्या शेंगांचा. संध्याकाळपर्यंत बोटाच्या पेराएवढे मोड. मुलगा शाळेतून आला आणि उभ्या उभ्या मूठभर तोंडात टाकायला निघाला, त्याला थांबवून आधी वाफवले, मग लिंबू पिळून दिले.

उरलेल्यांची काळ्या मसाल्यात भाजी केली. चाळणी उकळत्या पाण्यातून काढून आज त्यात हुलगे घातलेत. बुधवारी सांगते काय झालं.