सहकार रुजला तो संस्कारांमुळे की पाटाच्या पाण्यामुळे?

प्रवराकाठ
साखर कारखाना म्हटलं की हल्ली घराणी आणि निवडणुका एवढंच बोललं जातं. कारखाने मुळात उभे कसे राहिले, हे कुणी विचारत नाही. माझं मत असं की पश्चिम महाराष्ट्रात सहकार रुजला, कारण त्याआधी दोन-तीन पिढ्या इथल्या मनाची मशागत झाली होती. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. पुढे साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवू लागली. त्या मुलांसाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. सावकारापुढे मान खाली घालणारा शेतकरी अशा वातावरणात शेजाऱ्यावर भरवसा ठेवायला शिकला. नगर जिल्ह्यातल्या लोणीत विठ्ठलराव विखे पाटलांनी १९२३ साली पतपेढी काढली, आणि १९५०-५१ला प्रवरेच्या सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम सुरू झाला. धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थतज्ज्ञ त्याचा अध्यक्ष होता. उत्तर प्रदेशात ऊस होता, कालवेही होते, तरी तिथले बहुतेक कारखाने खासगी मालकांचेच राहिले. हा फरक मूल्यांचा आहे.

वऱ्हाडकर
तुम्ही पाण्याचं नावही घेत नाही, तिथेच माझा आक्षेप आहे. प्रवरेवरचं भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झालं, हे तुमच्या गोष्टीत कुठे आहे?

आमच्या अमरावतीकडेही सत्यशोधक चळवळ होती. पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली शिवाजी शिक्षण संस्था काढली, त्यातून कुणब्यामाळ्यांची पोरं शिकली. जमीनमहसूल वऱ्हाडातही रयतवारीचाच, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून. मधल्या मालगुजाराने सारा गोळा करायची मालगुजारी होती ती नागपूरकडे. म्हणजे तुम्ही सांगता ती मूल्यं आमच्याकडे होती, जमिनीचा खातेदारही शेतकरीच होता. नव्हतं ते पाणी. कापूस पावसावर, भाव व्यापाऱ्याच्या मर्जीवर. सगळा कापूस सरकारनेच घ्यायची एकाधिकार खरेदी यायला १९७२ उजाडलं.

आणि कारखाने काय नुसत्या सभासदांच्या शेअरवर उभे राहिले? सरकारी भागभांडवल होतं, कर्जाला सरकारची हमी होती, परवाने देताना सहकारी कारखान्यांना अग्रक्रम होता. ज्या भागाच्या हाती सत्ता, तिकडे हे सगळं गेलं. वर आम्हालाच ऐकवायचं की विदर्भात उद्यमशीलता नाही. हे मनाला लागतं हो.

प्रवराकाठ
विदर्भाला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. दांडेकर समितीने १९८४ साली मागास भागांच्या विकासाचा अनुशेष मोजून दाखवलाय, तो मला मान्यच आहे. पण तुमच्याच धरणाचं साल घ्या. १९२६ पासून पाटाला पाणी होतं. त्या पाण्यावर आधी कुणाचा ऊस पिकला? खासगी कंपन्यांचा, शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेल्या जमिनींवर. साधा शेतकरी गूळ करून पेठेत न्यायचा आणि पडेल त्या भावात विकून यायचा. कारखाना त्याच्या मालकीचा व्हायला पाव शतक गेलं. त्या काळात विठ्ठलराव गावोगाव फिरून भागभांडवल गोळा करत होते. ज्याने कधी बँकेची पायरी चढली नाही, त्याने कागदावरच्या कारखान्यासाठी पैसे दिले. पाण्याने ऊस वाढतो, विश्वास नाही वाढत.

बालाघाट
दोघांच्याही बोलण्यात ऊस तोडणारा माणूस कुठेच नाही.

मी बीड जिल्ह्यातली. आमच्याकडची गावं दिवाळीनंतर निम्मी रिकामी होतात. मजूर गोळा करणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती फिटेपर्यंत फडात राबायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाईच्या नावाची वेगळी मजुरी नाही. पोरं शाळा सोडून सोबत जातात. बायकांची गर्भाशयं काढल्याची प्रकरणं २०१९ साली विधिमंडळात गाजली, तेव्हा राज्याला आमची आठवण झाली. तुमच्या सहकारात सभासद कोण? ज्याचा ऊस आहे तो. ज्याच्या हातात कोयता आहे तो सभासद नाही, आणि कागदोपत्री कारखान्याचा कामगारही नाही. एका पंगतीत जेवायचा संस्कार एवढा खोल गेला होता, तर तो कारखान्याच्या गेटापाशीच का थांबला?

मला तर वाटतं, संस्कार सोबत आले नाहीत. हितसंबंध जुळले ते जमीनवाल्यांचे, आणि त्यालाच आपण सहकार म्हणतो.

गावसभा
तुम्ही सगळे संस्कार आधीपासून असतात असं धरून चाललात. नगर जिल्ह्यातलंच हिवरे बाजार बघा. १९९०च्या आधी ते गाव दुष्काळ, दारू आणि भांडणांसाठी ओळखलं जायचं. मग नियम झाले: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीसाठी बोअरवेल नाही, ऊस नाही. ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावर पिकं ठरतात. शेजारच्या गावांत देव तेच, सण तेच, तरी तिथे टँकर. आधी नियम पाळून फायदा दिसला, मग ती गावाची रीत झाली. पोपटराव पवारांसारखा सरपंच मिळाला हेही खरं, पण संस्कृतीच्या नावाने वाट बघत बसले असते तर काही झालं नसतं.

प्रवराकाठ
गावसभा, नियम कागदावर तर राज्यभर आहेत. ते पाळायला गाव का तयार झालं, याचं उत्तर मला अजून माणसांच्या घडणीतच दिसतं.

बालाघाट, तुमचं म्हणणं मी टाळणार नाही. भाऊरावांच्या बोर्डिंगात भूमिहीनाचं पोरही होतं. कारखान्याच्या पोटनियमांत त्याच्या बापाला जागा मिळाली नाही. हा त्या मूल्यांचा दोष नाही, ती अर्ध्यावर सोडल्याचा आहे.

बालाघाट
मग तुमच्या कारखान्याच्या पुढच्या वार्षिक सभेत ठराव मांडा. तोडणी कामगाराला सभासदत्व, बाईच्या खात्यावर तिची वेगळी मजुरी, आणि फडाजवळ पोरांची शाळा. किती हात वर होतात ते इथेच येऊन सांगा.