मदत हवी: कारवारात आहोत, आज रात्री तंबू कुठं लावू? (गोकर्ण-होन्नावर बाजू)

नमस्कार मंडळी. कारवारातनं मोबाईलवर टाईप करतोय, बॅटरी ३१ टक्के, त्यामुळं शुद्धलेखनाकडं बघू नका.

आम्ही दोघं, मी आणि बायको, बेळगाव वडगावचे. शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर "चल, आंबोलीला जाऊन चहा-भजी खाऊन येऊ" एवढंच ठरलं होतं. मेव्हण्याचा दोन माणसांचा तंबू दिवाळीपासनं डिकीत पडून होता, परत द्यायचा राहिला होता, बाकी सामान म्हणजे एक चादर आणि पाण्याची बाटली. आंबोलीत भजी खाऊन झाली आणि ही म्हणते, खाली उतरूया की, समुद्र तरी बघून येऊ. आता ही बाई कोण, तर भाजी आणायला जाताना पण चिठ्ठी करणारी. मला वाटलं चेष्टा करतीय. सावंतवाडीत एक गॅसचा छोटा शेगडी-डबा, मॅगी, टॉर्च आणि दोन टॉवेल घेतले तेव्हा कळलं की चेष्टा नाही.

पहिली रात्र शिरोड्याला, वेळागर किनाऱ्यावर. (१९३० ला मिठाचा सत्याग्रह झालेला तोच शिरोडा. मिठागरं बघायची म्हणून थांबलो आणि अंधार झाला.) सुरूच्या बनापुढं सपाट वाळू बघून सातच्या सुमाराला तंबू ठोकला, पाणी लांब होतं. वाळूत खुंट्या धरतच नव्हत्या, मग चार कोपऱ्यांत चपला, जॅक, स्टेपनी असलं काय काय ठेवलं. साडेनऊला ही मला हलवून म्हणते, "ओ, आवाज जवळ येऊलाय की." टॉर्च मारला तर पाणी दहा पावलांवर! तंबू जसा होता तसा उचलून बनात पळालो, चादर भिजली ती भिजलीच. त्या तंबूला अजूनही कुबट खारट वास आहे आणि काल दिवसभर उन्हात टाकून पण तो कोरडा म्हणून होईना. चेन पण अडकायला लागलीय.

काल तेरेखोलला फेरीबोटीतनं केरीला उतरलो आणि गोवा सरळ खाली पार केला. काणकोणात बीचवर मॅगी करायला बसलो तर एका माणसानं हटकलं, उघड्यावर स्वयंपाक चालत नाही म्हणून. तंबूबद्दल पण तोच सूर, मग रात्री मुकाट रूम घेतली. आज सकाळी सदाशिवगडावरनं काळी नदी ओलांडून कारवार.

आता खरी अडचण. उद्या संक्रांत, आज भोगी. आईचे सकाळपासनं चार फोन, भाकरी-भाजी कुणासाठी केलीय मी. मी म्हटलं आणशी घाटातनं वर चढलो तर रात्रीपर्यंत घरी. तर ही म्हणते, "हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतंय की, मी काय आज येत नाही." नऊ वर्षांच्या संसारात सणाच्या दिवशी ही घराबाहेर राहिलेली मला आठवत नाही, त्यामुळं मी पण जास्त ताणलं नाही. उद्याची रजा टाकली.

तर विचारायचं हे की गोकर्ण, कुमटा, होन्नावर ह्या पट्ट्यात बुकिंगशिवाय तंबू लावायला जागा कशी शोधायची, विचारायचं कुणाला? रिसॉर्टवाले नकोत, परवडत नाहीत. बाईमाणूस बरोबर आहे, टॉयलेट पाहिजे, गाडी नजरेसमोर पाहिजे. आणि ते भरतीचं गणित मोबाईलला रेंज नसताना कसं कळतं? परतताना आणशी बरा की अंकोल्यावरनं यल्लापूर? गाडी साधी वॅगनआर आहे.

---

प्रतिसाद (वेंगुर्लेकर)

गणित आजीच्या काळचं आहे. तिथीला पाऊणनं गुणायचं, तेवढ्या वाजता भरती. शनिवारी त्रयोदशी होती, तेराचे पाऊणपट पावणेदहा. तुम्ही साडेनऊला जागे झालात, म्हणजे समुद्रानं तुम्हाला अगदी वेळेवर उठवलंय. 😄 आज पौर्णिमा, पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, आणि त्यात उधाण, पाणी नेहमीपेक्षा वर चढणार. तुमच्या बाजूला थोडं आधीच येतं, दहापासनं सावध रहा. किनाऱ्यावर वाळलेल्या शेवाळाची, काटक्यांची, प्लास्टिकची एक रेघ दिसते ना, ती मागच्या उधाणाची खूण. त्या रेघेच्या आत झोपायचं नाही, गाडी तर मुळीच घालायची नाही. रुतलीच तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नका, चाकं अजून खाली जातात. टायरची हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवा, पायमॅट चाकाखाली घाला, आणि डांबरीवर आल्यावर हवा परत भरा.

प्रतिसाद (कारवारकर)

तंबू गोड्या पाण्यानं धुतल्याशिवाय सुकणार नाही. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, उन्हात कितीही टाका, संध्याकाळी परत ओलाच. चेनला मेणबत्ती घासा. वाळूत खुंटीच्या जागी पिशवीत वाळू भरून दोरी बांधायची आणि पिशवी आडवी पुरायची, वारा सुटला तरी हलत नाही.

जागा म्हणाल तर बीच सोडा. गावातल्या शेवटच्या घरी जाऊन अंगण मागा, पण पाच वाजता, काळोखात नाही. काळोखात दार वाजवणाऱ्याला कोण अंगण देणार? आधी बायकोला बोलू द्या. अंकोल्यापर्यंत कोंकणी-मराठी चालून जाते, कुमट्याच्या पुढं कन्नड लागेल. आणि माडाखाली तंबू लावू नका, नारळ पडतो तो विचारून पडत नाही. आर्ग्याजवळ रस्त्याकडेला थांबून फोटोबिटो काढू नका, नेव्हीचा सीबर्ड तळ आहे.

प्रतिसाद (काणकोणचा)

हटकणारा बरोबर होता हो. गोव्यात बीचवर उघड्यावर स्वयंपाक करायला २०१९ पासनं बंदी आहे, दंड होतो. आणि आगोंद, गालजीबाग ह्या किनाऱ्यांवर ह्या दिवसांत कासवं अंडी घालायला येतात, तिथं रात्री टॉर्च, शेकोटी, तंबू काहीच नको. उजेड दिसला की मादी अंडी न घालताच परत फिरते.

प्रतिसाद (हल्याळ)

होन्नावरचा कासरकोड किनारा ब्लू फ्लॅगवाला (स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय मानांकन) आहे, २०२० पासनं. टॉयलेट, आंघोळीची सोय आहे, पण ती दिवसा वापरा, रात्री मुक्कामाचं धरून चालू नका. परतताना कारवारातनंच फिरणार असाल तर आणशी, पण वाघांचं राखीव जंगल आहे, उजेडी पार करा. होन्नावरपर्यंत गेलात तर अंकोला, अरबैल घाट, यल्लापूर, हल्याळ, अळणावर असं या. घाटात ट्रक फार, ओव्हरटेकची घाई नको.

---

धागाकर्ता, रात्री ९:१०

सगळ्यांचे आभार. होन्नावरपर्यंत गेलोच नाही, कुमट्याच्या अलीकडं एका गावात साडेपाचला शेवटचं घर गाठलं. हिचं माहेर बैलहोंगल बाजूचं, कन्नड फाडफाड. मी गाडीत बसून राहिलो आणि ही पाच मिनिटांत आत जाऊन भाताच्या खळ्याची जागा पक्की करून आली. घरात एक म्हातारी आणि तिची सून. माड चांगले वीस पावलं लांब आहेत, मोजले. तंबू विहिरीच्या पाण्यानं धुतला, आत्ता दोरीवर आहे, आजची रात्र गाडीच्या सीटा पाडून काढायची. पौर्णिमेचं चांदणं इतकं आहे की टॉर्च लागेना.

आईला फोन केला. आधी दोन मिनिटं काही बोलली नाही, मग म्हणाली, भाजी फ्रीजमध्ये ठेवलीय, आणि बाजरीच्या भाकरी काय टिकत नाहीत, त्या शेजारी दिल्या. फोन हिच्याकडं दिला तर दोघी अर्धा तास.

इकडं म्हातारीनं उद्याचे तीळगूळ आजच हातावर ठेवले. तेवढ्यात मेव्हण्याचा फोन, रविवारी ग्रुप राजगडाला चाललाय, तंबू कुठाय? हिनं फोन काढून घेतला.

"धुऊन देतो की रे," म्हणाली, "पण ह्या रविवारी नाही."