बी विंग ग्रुप: आपल्याले विचारलं कोणी?

सुनंदाताई, ४०२: काल कट्ट्यावर मी म्हटलं की संयुक्त राष्ट्रात लोकांनी निवडलेलं सभागृह पाहिजे, तं सगळे हसून राहिले होते. हसा. पण दुपारी ३ वाजता गच्चीवरच्या नळाला हात लावून या अन् मग बोला. ऊन कोणाच्या धुरानं वाढलं, किती कमी करायचं, हे सगळं ठरते तिथं आपला निवडलेला माणूस कोण?

रोहित, १०१: ताई कोराडीच्या वीज केंद्राचा धूर पण आपलाच आहे 😀

ढोके काका: सरकारला मत दिलं ना? तेच जाते तिथं.

वासनिक काका: टँकरचा हिशोब??

सुनंदाताई, ४०२: काका, दिल्लीत विरोधी बाकावरचेही बोलतात, तिथं फक्त सरकार बोलते. १९३ देश, प्रत्येकाला एक मत, आपण १४० कोटी अन् तुवालू आपल्या एका प्रभागापेक्षा लहान, तरी मत सारखंच. सुरक्षा परिषदेत तं पाचच देशांचा व्हेटो, म्हणजे एकानं नाही म्हटलं तरी ठराव पडते.

रोहित, १०१: आयएमएफ, म्हणजे देशांना कर्ज देणारा आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, तिथं पैशाच्या हिशोबानं मतं आहेत. अमेरिकेकडे १६ टक्क्यांच्या वर, मोठ्या निर्णयाला ८५ टक्के लागतात, म्हणजे एकटेच अडवू शकतात. आपले ३ टक्केही नाहीत.

निखाडे काकू: तीन फ्लॅटवाल्याले तीन मतं पाहिजे होती, तसंच झालं हे. नाव घेत नाही 🙏

मेश्राम, ३०१: घ्या ना नाव. मेंटेनन्स तिन्हीचा भरतो मी. तुमचा कूलर पॅसेजमधून कधी निघते ते सांगा

बोरकर (सेक्रेटरी): कृपया वैयक्तिक नको. सुनंदाताई, विषय चांगला आहे, पण महापालिकेची मुदत २०२२ ला संपली, पुढं कित्येक वर्षं प्रशासकच होता. इथं नगरसेवक नव्हता अन् तुम्ही न्यूयॉर्कले निघाल्या.

सुनंदाताई, ४०२: तेच तं म्हणून राहिली भाऊ! गडरचं पाणी पार्किंगमध्ये आलं तेव्हा जाब कोणाले विचारावं तेच कळत नव्हतं, तुम्हीच चकरा मारल्या. वरती कायमच तशी गत आहे. युरोपात १९७९ पासून लोक थेट मतदान करून युरोपची संसद निवडतात, त्याआधी तिथंही देशोदेशीचे खासदारच पाठवायचे. संयुक्त राष्ट्रासाठी असंच टप्प्याटप्प्यानं करा अशी मोहीम २००७ पासून चालू आहे.

वासनिक काका: टँकरचा हिशोब??

ढोके काका: माणशी मत दिलं तं आपण अन् चीन मिळूनच सगळं ठरवू, लहान देश ऐकतील काहून? अन् चीनमध्ये निवडणूक घेणार कोण?

सुनंदाताई, ४०२: लहानांना थोड्या जास्त जागा द्यायच्या. युरोपच्या संसदेत जर्मनीच्या ९६, माल्टाच्या ६, लोकसंख्येच्या मानानं माल्टाला कितीतरी जास्त. चीनचा प्रश्न खरा आहे काका, पण जिथं निवडणुका होतात तिथल्यांनी काहून थांबावं?

रोहित, १०१: २०२१ ला ग्लासगोच्या हवामान परिषदेसाठी जगभरातून चिठ्ठ्या टाकून १०० साधी माणसं निवडली होती, ऑनलाइन चर्चा करून त्यांनी घोषणापत्र दिलं. पण बंधनकारक कोणावरच नव्हतं.

सुनंदाताई, ४०२: म्हणूनच नुसतं ऐकून घेणं पुरत नाही, मत पाहिजे. शनिवारच्या मीटिंगमध्ये मला १० मिनिटं द्या. खासदारांना पत्र लिहायचं आहे, हवामान परिषदेला जायच्या आधी भारत काय कबूल करणार ते संसदेत मांडा म्हणून.

बोरकर (सेक्रेटरी): ठीक आहे, मुद्दा ५ मध्ये टाकतो. टँकरचा हिशोब मुद्दा १, वासनिक काका.

ढोके काका: पत्रात चीनचंही लिहा. वाचून सही करीन.