जुनी लक्झरी सेडान: काय बिघडलं, किती गेले? (अनुभव धागा)

वारजेकर

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक काळी जर्मन सेडान उभी असते. २०१४ ची, डिझेल, ऑटोमॅटिक, मीटरवर ७८ हजार किमी. नवी असताना साठ लाखांच्या पुढे होती, मालक आता साडेदहा मागतायत. एवढ्यात नवी बऱ्यापैकी हॅचबॅक येते, हे मला कळतं. पण रोज लिफ्टकडे जाताना मान वळतेच. बायको म्हणाली, "घे, पण आधी चार जणांना विचार." म्हणून हा धागा.

ज्यांच्याकडे अशी सेकंड-हँड मोठी गाडी आहे किंवा होती, त्यांनी काय बिघडलं, कधी आणि किती रुपयांना पडलं ते लिहा. आकडे लिहाच. "मेंटेनन्स जास्त असतो हो" एवढं मीही सांगू शकतो. आपली तक्रार सांगताना कंपनी, शोरूम, गॅरेज, एजंट यांची नावं नकोत. पेट्रोल की डिझेल, किती जुनी, एवढं पुरे.

घोडबंदर

२०११ ची पेट्रोल, २०१९ मध्ये सात लाखांना घेतली. इंजिनाने आजवर त्रास दिला नाही. त्रास दिला गुलमोहराने.

पहिल्याच जुलैत ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढचं कार्पेट पायाला ओलं लागलं. वाटलं, छत्रीचं पाणी असेल. आठवडाभराने रात्री दोन वाजता वॉचमनचा फोन: "साहेब, गाडीच्या चारही काचा खाली आहेत आणि पाऊस आत जातोय." सनरूफच्या चौकटीला चार कोपऱ्यांत पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. गुलमोहराची ती राईएवढी पानं नळीत जाऊन बसली होती. पाणी छताच्या अस्तरामागून उतरलं, कार्पेटखालच्या फोममध्ये साठलं, आणि काचा-लॉक सांभाळणारा मॉड्यूल नेमका तिथेच खाली. हिरवा गंज चढलेला तो डबा मी जपून ठेवलाय.

नव्या मॉड्यूलचे कोडिंगसकट (म्हणजे तो डबा गाडीच्या कॉम्प्युटरला ओळखवून देणं) ८५ हजार सांगितले. कुर्ल्याच्या स्क्रॅप बाजारात त्याच पार्ट नंबरचा १४ हजारांना मिळाला, कोडिंगवाल्याने ६ हजार घेतले. सीट काढून कार्पेट वाळवायची मजुरी साडेतीन हजार, आणि चार दिवस रिक्षा. आता दर मे महिन्यात गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी नळ्यांत सरकवून साफ करतो. वारजेकर, गाडी बघायला जाल तेव्हा सनरूफ उघडून पन्हळीत बाटलीभर पाणी ओता. गाडीखाली सांडलं तर ठीक. नाही सांडलं तर ते कुठेतरी आत गेलंय.

उसाचा_फड

कोल्हापूरहून लिहितोय. माझी एअर सस्पेंशनची, नऊ वर्षं जुनी. पाहुण्यांकडून घेतली, त्यामुळे घासाघीस करता आली नाही. सहा महिने मखमलीसारखी चालली बघा. मग एक दिवस सकाळी दारात येऊन बघतोय तर गाडी पुढनं डाव्या अंगावर बसलेली. म्हैस बसावी तशी. चालू केली की उठायची, मी म्हटलं उठतीय न्हवं, मग काय झालं? असं तीन महिने ढकललं. तिथंच चुकलं.

स्प्रिंगच्या जागी रबराची हवा भरलेली पिशवी असते. रबराला घडीवर भेगा पडतात, रात्रभर हवा निघून जाते. सकाळी कॉम्प्रेसर ती भरत बसतो. थोडा वेळ चालायला केलेला तो पंप माझ्या गाडीत सारखाच चालत राहिला आणि जळला. म्हणजे एका पिशवीचं काम होतं ते पिशवी अधिक पंप झालं. कंपनीची पिशवी शॉकअपसकट एका चाकाला १ लाख ३५ हजार. बाहेरच्या ब्रँडची ३८ हजारांना आणली, कॉम्प्रेसर ४५ हजार, पंपाचा रिले (विजेचा स्विच) ९०० रुपये, मजुरी ८ हजार. लोकं साधी स्प्रिंग बसवून घेतात, पण मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा कायमचा.

एक मात्र आहे. पुढच्या आर्मचा, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याचा, बुश (त्यातलं रबर) गेला तेव्हा सगळे म्हणाले अख्खा आर्म बदला, २६ हजार. आमच्या उद्यमनगरात लेथवाल्यानं जुना दाबून काढला आणि मापाचा नवा बसवून दिला. १,४०० रुपये. दोन वर्षं झाली.

वारजेकर

उसाचा_फड, ही पिशवी जुनी झालीय हे विकत घ्यायच्या आधी ओळखायचं कसं? माझ्यासमोरची गाडीही एअरवालीच आहे.

उसाचा_फड

सोपं आहे. रात्री गाडी लावली की चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये किती बोटं बसतात ते चारही बाजूंना बघून ठेवा. सकाळी कुणी चालू करायच्या आत परत बघा. चालू केली की खोटं बोलायला लागती.

पाना_नंबर_१३

मी गाडीवाला नाही, गॅरेजवाला. नाशिकला अंबडजवळ. वीस वर्षं याच गाड्या खोलतोय, म्हणून सांगतो.

लोक येऊन विचारतात इंजिन कसं आहे. अहो, लोखंड सहसा जात नाही. दहा वर्षांनी जातं ते रबर आणि प्लास्टिक, मग गाडी ३० हजार चाललेली असो की दीड लाख. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट (तेल अडवणारी रबरी पट्टी) कडक होतं, ऑइल फिल्टरच्या हाउसिंगचं ओलं होतं, कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) प्लास्टिकच्या नळ्यांना हात लावला की बिस्किटासारख्या तुटतात. गॅस्केट पाचशे रुपयांचं असतं, पण तिथपर्यंत पोचायला सहा तास लागतात. बिल त्या सहा तासांचं असतं. आणि कूलंट गळतंय हे माहीत असून गाडी तशीच ओढली, की इंजिनाचं वरचं ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. मग लाख-दीड लाखाच्या खाली बात नाही.

दुसरं, गिअरबॉक्सचं तेल. बुकात बऱ्याचदा "लाइफटाइम" लिहिलेलं असतं. लाइफ कुणाचं, ते लिहिलेलं नसतं. यातल्या बऱ्याच गाड्यांचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः सांगते की ८० हजार ते १ लाख २० हजार किमी किंवा ८ वर्षं, यातलं जे आधी येईल तेव्हा तेल बदला. खालचं प्लास्टिकचं पॅन आणि फिल्टर एकच पार्ट असतो, म्हणून पॅनच बदलावं लागतं. माझ्याकडे सगळं मिळून ३० ते ४० हजार. हे टाळलेला गिअरबॉक्स खोलायचा झाला तर दीड ते तीन लाख.

तिसरं, टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाच्या आतल्या भागांची वेळ जुळवणारी साखळी. बीएमडब्ल्यूच्या एन४७ या चार सिलिंडर डिझेल इंजिनात चेन मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. हे जगभर माहीत असलेलं आहे. मागे असल्यामुळे झिजली तर ती बदलायला गिअरबॉक्स किंवा इंजिन उतरवावंच लागतं. म्हणून गाडी कुठलीही बघा, थंड इंजिन सुरू करताना बॉनेट उघडून कान द्या. साखळी घासल्याचा आवाज आला तर चहा पिऊन घरी या. मालकाने तुमच्यासाठी गाडी आधीच "गरम करून ठेवली" असेल तरीही घरी या.

संत्रानगरी

आमच्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ला जाते बाप्पा, तिथं एसी हेच खरं इंजिन. कंडेन्सर आणि कॉम्प्रेसर मिळून ७२ हजार. बॅटरी डिक्कीत असते, एजीएमवाली (बंद प्रकारची, साधीपेक्षा महाग), २६ हजार. आणि बॅटरी नुसती बसवून भागत नाही, नवी बसवली हे कॉम्प्युटरला सांगा लागते, नाही तर तो जुनी समजून चार्ज करत राहते. माझ्या आधीच्या मेकॅनिकला हे ठाऊकच नव्हतं. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या.

रिकामा_टँक

उंदीर. वायरिंग हार्नेस. ६१ हजार. पुढे लिहवत नाही.

बाबांची_लेक

छत्रपती संभाजीनगर. २०१० च्या ऑक्टोबरात इथल्या मंडळींनी एकदम १५० मर्सिडीज घेतल्या होत्या, ६५ कोटींचा सामूहिक सौदा, देशभर बातमी झाली. बाबा त्यात नव्हते. पण त्यानंतर शहरात मोठ्या गाडीची जी हवा झाली ती त्यांच्या डोक्यातून गेली नाही, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी डिझेल सेडान आणली. (कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, धाग्याचा नियम.)

बाबांचा प्रवास म्हणजे घर ते मंडई, मंडई ते मित्राचं दुकान. चार किमी. चार महिन्यांत गाडीचा जोर गेला, दिवा लागला. डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, डीपीएफ, तुंबला होता. तो आपोआप जळून साफ होतो, पण त्यासाठी सायलेन्सर चांगला तापावा लागतो आणि गाडी सलग पळावी लागते. मंडईत ते कुठून होणार? नव्या फिल्टरचे २ लाख ४० हजार सांगितले. एकाने "काढूनच टाकतो" म्हणून सुचवलं. ते बेकायदेशीर आहे आणि धूर आपल्याच पोरांच्या नाकात, म्हणून नाही म्हटलं. शेवटी फिल्टर उतरवून मशीनवर धुऊन घेतला, २२ हजार.

आता दर पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी मी आणि बाबा सावंगीहून समृद्धीवर चढतो, चाळीस मिनिटं एका वेगाने जातो, चहा पितो, परत येतो. गाडीसाठी म्हणून सुरू केलं होतं. हल्ली शनिवारी रात्रीच बाबा विचारतात, "फिल्टर साफ करायचाय ना उद्या?"

नेकारतीर

जर्मनीत श्टुटगार्टला असतो. इथे दर दोन वर्षांनी गाडीची सरकारी नियमाप्रमाणे तपासणी होते, त्यामुळे जुन्या गाडीबरोबर कागदांची थप्पी येते. दहा वर्षांत दोन लाख किमी चाललेली गाडी बघून माझा शेजारी नाक मुरडत नाही. पन्नास हजारच चाललेली दिसली तर मात्र संशयाने बघतो. रबर वयानेच जातं हे पाना_नंबर_१३ यांनी लिहिलंच आहे, आणि उभ्या गाडीचे सील सुकतात. इथे खरा शत्रू म्हणजे हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात ते मीठ. माझ्या गाडीच्या ब्रेकच्या लोखंडी नळ्या गंजल्या, ६८० युरो.

वारजेकर, ७८ हजार खरे आहेत का? ब्रेक पेडलचं रबर, स्टिअरिंगचं कातडं आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बघा. मीटर मागे फिरवता येतं, कातडं परत नवं करणं महाग पडतं.

दिल्ली_पासिंग

स्वस्त सेडान दिल्लीहून आणायचा सल्ला कोणी दिला तर माझं ऐका. तिथे १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आली होती, म्हणून नऊ वर्षांची गाडी पाण्याच्या भावात मिळायची. मी ६ लाख २० हजारांना आणली. मग तिथलं ना-हरकत प्रमाणपत्र, इथला रोड टॅक्स १ लाख ३४ हजार, एजंट, ट्रेलरचं भाडं १९ हजार. सगळं धरून मुंबईच्या भावातच पडली.

आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. माझ्या मागच्या पट्ट्याच्या टोकाला मातीची सरळ रेघ होती, म्हणजे गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिलेली. ती रेघ मला गाडी नावावर झाल्यावर दिसली.

हिशेबी

माझ्याकडे वही आहे, त्यातूनच उतरवतो. २०२० ला ८ लाख २५ हजारांना घेतली, २०२३ ला ५ लाख ४० हजारांना विकली, मधे २६ हजार किमी. चार रनफ्लॅट टायर ७८ हजार. तीन सर्व्हिस ७२ हजार. पुढचे आर्म ६२ हजार. वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट ४१ हजार. एक इंजेक्टर ३८ हजार. गिअरबॉक्स तेल ३४ हजार. बॅटरी २६ हजार. खड्ड्यात वाकलेल्या दोन रिमा सरळ करायला ७ हजार. बेरीज ३ लाख ५८ हजार. डिझेल, विमा आणि विकताना उतरलेली किंमत सोडून किमीला पावणेचौदा रुपये.

टायरचा आकडा बघून दचकला असाल. रनफ्लॅट टायर हवा गेली तरी साधारण ८० च्या वेगाने ८० किमी जातो, म्हणून डिक्कीत स्टेपनी नसते. पण त्याच्या बाजू इतक्या कडक असतात की खड्ड्याचा धक्का थेट रिमेला.

पस्तावलो का? एकदा गोव्याला जाताना कशेडी घाटात सासूबाई गाढ झोपल्या होत्या. आमच्या आधीच्या गाडीत त्या पनवेलपासून हँडल धरून बसायच्या. मी काही म्हणत नाही.

हायब्रिडवाला

सगळं वाचलं. माझी टोयोटा कॅमरी २०१३ ची पेट्रोल. गेल्या पाच वर्षांत सर्व्हिस, ब्रेक पॅड, टायर, एक बॅटरी. लिहायला याहून काही नाही. आयडीवर जाऊ नका, हायब्रिड घ्यायची होती, बजेट संपलं.

घोडबंदर

हायब्रिडवाला, मग तुम्ही या धाग्यावर काय करताय? :)

वारजेकर

सगळ्यांचे आभार. उसाचा_फड, तुमचं ऐकलं. रात्री साडेअकराला टॉर्च घेऊन पार्किंगमध्ये गेलो, चारही बाजूंना तीन-तीन बोटं. सकाळी सहाला गेलो तर पुढे डावीकडे जेमतेम दीड बोट. मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "अहो, जमिनीलाच तिकडे उतार आहे." म्हटलं ठीक आहे, आज उलट तोंड करून लावा. लावली. दुसऱ्या सकाळी पुन्हा तोच पुढचा डावा कोपरा खाली, आता भिंतीच्या बाजूला.

त्यांना ८ लाख ७५ हजार सांगितलेत, पिशवी आणि पंप माझ्याकडे. अजून हो-नाही काही नाही. फक्त हल्ली मी लिफ्टपाशी दिसलो की ते जिन्याने जातात. सातव्या मजल्यावर राहतात.