आईच्या लघवीच्या टेपचं पुन्हा ऑपरेशन : आधी खालून सोनोग्राफी करावी का? (सांगली-मिरज)

नमस्कार. हे दुखणं घरात कुणी मोठ्याने बोलत नाही, म्हणून इथे विचारते आहे.

आई ६२ वर्षांची, तासगावजवळच्या खेड्यात राहते. जन्म द्राक्षबागेत गेला. तीन बाळंतपणं, तिन्ही घरीच. खोकलं, शिंकलं, क्रेट उचलला की लघवी सुटायची. २०१६ साली मूत्रमार्गाखाली जाळीची टेप बसवली. गळणं लगेच थांबलं. त्या वर्षी ऋषिपंचमीला तासगावच्या गणपतीच्या रथाला ती दिवसभर उभी होती, कितीतरी वर्षांनी.

धार मात्र तेव्हापासूनच बारीक. बसल्यावर पुढे वाकायचं, उठायचं, परत बसायचं, तेव्हा कुठे मोकळं होतं. आम्हाला वाटलं ऑपरेशननंतर असंच असेल. मग वर्षाला तीन-चार वेळा इन्फेक्शन, दर वेळी गोळ्यांचा कोर्स. गेली दोन वर्षं लघवीची घाई इतकी की दारापर्यंत पोचत नाही. एसटीने मिरजेला यायचं म्हटलं की सकाळपासून पाणीच पीत नाही.

आता दोन डॉक्टरांची दोन मतं आहेत. एक म्हणतात, टेप घट्ट बसली आहे, मधोमध कापून सैल करू, छोटं काम आहे. दुसरे म्हणतात, जाळीच त्रास देतेय, निघेल तेवढी काढून टाकू. दोघांनी विचारलं, टेप कुठल्या प्रकारची आहे? डिस्चार्ज कार्डावर फक्त ‘टेप बसवली’ एवढंच आहे. जघनाच्या (ओटीपोटाखालच्या) हाडामागून वर नेलेली की मांडीच्या बाजूने काढलेली, काही नाही. जिथे ऑपरेशन झालं तिथे जुनी फाईल मिळाली नाही. शरीरात कायमची वस्तू ठेवायची आणि तिचं नाव बाईच्या हातात द्यायचं नाही, याचा मला फार राग आहे.

पोटावरून दोनदा सोनोग्राफी झाली. लघवी करून आल्यावरही लघवीच्या पिशवीत १८० मिली शिल्लक, बाकी ‘नॉर्मल’. टेपचा उल्लेखच नाही. आई म्हणाली, “मशीनला दिसंना म्हंजे मला काय हुतच न्हाई व्हय?” मला उत्तर देता आलं नाही.

एका ओळखीच्या नर्सने सांगितलं की खालून, बाहेरच्या बाजूला प्रोब (मशीनचा हातात धरायचा भाग) ठेवून सोनोग्राफी करतात, तिच्यात जाळी दिसते. हे खरं आहे का? त्यावरून कापायची की काढायची हे ठरतं का? की सीटी किंवा एमआरआय करावा? आईला तपासणीत दुखेल का, हेही सांगा.

प्रतिसाद – कोयनाकाठ

ताई, मी साताऱ्यात सोनोग्राफी करते. नर्सचं बरोबर आहे. ही जाळी पॉलिप्रोपिलीनची, साधारण सेंटिमीटरभर रुंद असते. एक्स-रे, सीटीत ती दिसत नाही म्हटलं तरी चालेल, मूत्रमार्गाखालचा तुकडा एमआरआयमध्येही नीट वेगळा काढता येत नाही. सोनोग्राफीत मात्र पांढरी चमकदार रेघ दिसते. पोटावरून ती दिसणार नाही, जघनाचं हाड आडवं येतं. आईला सांगा, मशीनची चूक नव्हती, बघायची जागा चुकीची होती.

प्रोबवर कव्हर आणि जेल लावून तो बाहेरच ठेवतात, आत घालत नाहीत. थोडा दाब जाणवतो, सहसा दुखत नाही. खरी किंमत आहे ती हालचालीची : आधी स्वस्थ पडून, मग खोकायला आणि कुंथायला लावून बघायचं. व्यवस्थित बसलेली टेप स्वस्थ असताना सपाट असते आणि कुंथल्यावर वाकते. स्वस्थ असतानाही अर्धगोल वाकलेली दिसली तर ती घट्ट आहे. मूत्रमार्गापासून अंतर मोजतात, ३ मिलिमीटरच्या आत आली तर अडथळ्याचा संशय वाढतो. ती मूत्रमार्गाच्या मध्यावर आहे की लघवीच्या पिशवीच्या तोंडाकडे सरकली आहे, दुमडली आहे का, हेही कळतं. थ्रीडी मशीन असेल तर टेपचे हात, म्हणजे दोन्ही बाजूंच्या पट्ट्या, वर जातात की आडवे पसरतात ते दिसतं, म्हणजे हरवलेल्या फाईलमधला प्रश्न बऱ्याचदा सुटतो.

टेप जागेवर पण घट्ट, आणि लघवी उरतेय, असं निघालं तर मधोमध कापणं पुरतं अशी शक्यता बरीच. जाळी मूत्रमार्गाच्या भिंतीत शिरल्यासारखी दिसली तर नुसतं कापून भागत नाही, तो भाग काढावा लागतो. आणि टेप सुरेख बसलेली, अंतरही चांगलं, तर घाईचं कारण दुसरीकडे शोधायला हवं. अशा बाईची जाळी काढून मी त्रास तसाच राहिलेला पाहिला आहे.

एक मर्यादा आहे. हाडामागचे आणि मांडीतले टोकाचे भाग यात दिसत नाहीत. जाळी आत शिरलेली नाही याची खात्रीही फक्त सोनोग्राफीवर देऊ नये, त्यासाठी मूत्रमार्गातून दुर्बीण घालून तपासणी हवीच. शिवाय योनीमार्गाची तपासणी, लघवीचं कल्चर (जंतू आहेत का ते बघणारी तपासणी) आणि धारेचा वेग मोजणं. आधी कल्चर करा, इन्फेक्शन असताना घाईचा काही अंदाज येत नाही.

रिपोर्टमध्ये ‘टेप दिसते’ एवढंच लिहून घेऊ नका. अंतर, जागा, दोन्ही स्थितींतला आकार लिहायला लावा. कुंथतानाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर घ्या, सर्जनने तो स्वतः बघायला हवा.

प्रतिसाद – कराडकर वहिनी

माझी टेप मधोमध कापली. धार त्याच दिवशी मोकळी झाली, पण सहा महिन्यांनी खोकल्यावर थोडं गळायला लागलं. कापल्यावर हे होऊ शकतं, आईंना आधीच स्पष्ट सांगा. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी रडले होते.

तासगावची लेक (धागाकर्ती)

दोघींचे मनापासून आभार. कोयनाकाठ ताई, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती दोनदा ऐकून म्हणाली, “मग आधी बघून घ्या, कापायचं पुढचं पुढं.” थोडं गळलं तर चालेल, पण लघवी मोकळी झाली पाहिजे, असं तिचं म्हणणं आहे. हे तिच्याच तोंडून डॉक्टरांना सांगायला लावणार आहे, मी नाही बोलणार.

सोमवारी कल्चर देतोय. सांगली, मिरज किंवा कोल्हापुरात ही खालून सोनोग्राफी नेहमी करणारं कुणी, शक्यतो बाई डॉक्टर, माहीत असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा. पुण्यालाही जाऊ, फक्त वाटेत चार ठिकाणी थांबावं लागेल.